छपरावरची केट

— अहो, ती बरणी तिथे नका ठेवू, तिथे मी चहा ठेवते. आणि खरं सांगू का मिस्टर कोवाल्स्की, तुमच्या आजोबांच्या कबरीवरची माती मांडलेल्या टेबलावर चहा प्यायची सवय नाही मला. खिडकीत ठेवा. हां, तिथे — सेंट पॅट्रिकच्या पुतळ्याशेजारी. तो तक्रार करणार नाही, त्याचं नाक तुटलं तेव्हाही केली नाही. तर — आता मीच सांगते, मला बरोबर कळलंय का बघा. तुमचे आजोबा थेडी गिलरेन. इथलेच, ड्रमलाहाचे. एकविसाव्या वर्षी आयर्लंड सोडून बोटीत बसले ते थेट अमेरिकेत, क्लीव्हलंडला उतरले, पोलादाच्या कारखान्यात लागले. त्यांच्या मुलीनं, म्हणजे तुमच्या आईनं, एका पोलिश माणसाशी लग्न केलं, म्हणून तुम्ही कोवाल्स्की. बरोबर? आणि आजोबा जन्मभर एवढंच सांगत राहिले, की मला आजीनं वाढवलं. बाप कुठाय? — लहानपणीच गेला. आई कुठाय? — तोंडात मिठाची गुळणी! मग तुम्ही निवृत्त झालात, हाताशी रिकामा वेळ आणि घरात संगणक, झालं — लागलात आजोबांची आई शोधायला. सहा वर्षं! बायको काही म्हणत नाही का हो? — सोडून गेली? — अच्छा, बहिणीकडे गेलीये. मग ठीक आहे. बिस्किट घ्या.

मी अट्रॅक्टा मल्व्ही. पोस्टात चाळीस वर्षं काढली — लोकांच्या पत्रांत नाक खुपसायचं नाही, हीच नोकरी — आणि आता दर गुरुवारी दोन ते पाच या हॉलमध्ये बसून त्यांच्या पणजोबांच्या कागदांत खुपसते. चाळीस वर्षांची भूक आहे ती. तुमच्यासारखे येतात हो, अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून, परवा तर एक बाई पेरूहून आली. सगळ्यांना राजघराणं हवं असतं आणि सगळ्यांना मिळते एक खोली, दोन खिडक्या आणि डुकराचं खोपटं. शिरगणतीत डुकराचा सुद्धा फॉर्म आहे हो! वेगळा. घराला खिडक्या किती, छप्पर गवताचं का दगडाचं, गोठे किती, सगळं पोलीस लिहून घ्यायचा. आणि घरातल्या माणसांचा हा — हा बघा. शेवटचा रकाना वाचलात कधी? 'मुका, बहिरा, आंधळा किंवा वेडा असल्यास लिहा.' आमच्या इथल्या एका जावयानं सासूच्या नावापुढे लिहिलंय — 'मुकी? दुर्दैवानं नाही.' खरंच! शप्पथ! पोलिसानं लाल शाईनं खोडलंय, पण हलक्या हातानं. त्यालाही सासू असणार.

बरं, तुमचा कागद. शिरगणती १९११, ड्रमलाहा, घर नंबर चार. कुटुंबप्रमुख ऑनर गिलरेन, विधवा, वय वर्षं बहात्तर, लिहिता-वाचता येत नाही, सहीच्या जागी फुली. तिच्याखाली डीलिया, नात, वय तेरा. त्याच्याखाली थेडी, नातू, वय दहा. संपलं. मधली पिढी गायब. आजी आहे, नातवंडं आहेत, आणि मधे नुसती हवा. म्हणून तुम्ही... हो, कळलं, कळलं. आणि १९०१चा शोधलात का? — काय सापडलं? — सूचीत नुसती एक ओळ — तळ्यापलीकडे कोरलेस्किनला एक ऑनर गिलरेन, नवरा पॅट, पदरात दोन पोरं, पण तिचं वय बेचाळीस, म्हणून मूळ कागद उघडलाच नाहीत. — हो हो, ती वेगळी! वेगळीच ती! बेचाळीस कुठे आणि बहात्तर कुठे, दहा वर्षांत माणूस तीस वर्षांनी म्हातारा होतो का कधी? इथं ऑनर पैशाला पासरी होत्या तेव्हा. सोडून दिलीत ते छान केलंत. अगदी शहाणपणाचं केलंत. अजून एक बिस्किट घ्या ना.

आणि हा दुसरा कागद — हा कुठून पैदा केलात? — डब्लिनहून? पेन्शनच्या साहेबाचा शेरा! बाई गं. हा मी कधी पाहिला नव्हता. थांबा, चष्मा... 'फेब्रुवारी १९०९. अर्जदार ऑनर गिलरेन. अतिशय वृद्ध, कमरेत वाकलेली, एका कानानं बहिरी. मी पोहोचलो तेव्हा अर्जदाराची मुलगी छपरावर चढून गवत शाकारत होती. धट्टीकट्टी बाई, जिभेची तिखट. अर्ज मंजूर.'

...नाही, हसत नाहीये. खोकला आला. बिस्किटाचा चुरा.

हां, हां, तुमचा मुद्दा आला लक्षात. मुलगी! छपरावर! साहेबानं डोळ्यांनी पाहिली म्हणजे होतीच. आणि दोन वर्षांनी शिरगणतीत नाही, म्हणजे मधे कुठे तरी गेली. मग तुम्ही बोटींच्या याद्या चाळल्यात आणि १९१०च्या बोटीत मिळाली केट गिलरेन, अविवाहित, वय एकोणतीस. आणि तिचीच कबर फिलाडेल्फियात. आणि तिथं तुम्ही — काय म्हणालात? — तीन वर्षं फुलं ठेवताय. दर मदर्स डेला. गाडीनं किती लांब पडतं हो क्लीव्हलंडहून? — सात तास! अहो, केट गिलरेन काय एक होती? दर बोटीत चार-चार असायच्या! त्या कबरीतली बाई काय म्हणत असेल, सांगा मला, दरसाल एक अनोळखी म्हातारा येतो, फुलं ठेवतो आणि रडतो! — रडत नाही? — थोडंसं. बरं.

पेन्शनचं सांगते तुम्हाला, म्हणजे कळेल त्या साहेबांच्या शेऱ्यांवर किती विश्वास ठेवायचा ते. १९०९च्या जानेवारीपासून सरकारनं सत्तरीच्या पुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग द्यायचं ठरवलं. आता सत्तरीचे आहोत हे दाखवायचं कसं? सरकारनं जन्म लिहायला सुरुवात केली तीच १८६४ साली! त्याआधी जन्मलेला माणूस म्हणेल ते वय. मग साहेबांनी एक युक्ती काढली — १८३९ साली इथं एक मोठं वादळ झालं होतं, अर्धं आयर्लंड उडालं होतं त्यात. ते वादळ आठवतंय का, एवढंच विचारायचं. आठवत असेल तर सत्तरी पार. झालं! आमच्या अख्ख्या लीट्रिम जिल्ह्याला वादळ आठवायला लागलं. पन्नाशीच्या माणसांना आठवायला लागलं. आमच्या ऑनीनं — ऑनरला सगळे ऑनीच म्हणायचे — साहेबाला सांगितलं की चर्चच्या छपरावरून बोकड उडत जाताना मी पाहिला, आणि तो माझ्याकडे बघून ओरडला. बोलण्याच्या भरात वय धरलं होतं सत्तर, म्हणजे वादळाच्या रात्री ती स्वतःच्याच हिशोबानं तीन महिन्यांची! साहेबानं काही आकडेमोड केली नाही. बोकडाचा रंग मात्र विचारला.

'आमच्या ऑनीनं' म्हटलं का मी? आमच्या म्हणजे गावाच्या. गावाचीच हो. या रविवारी तिचाच तर दगड बसवतोय ना आपण चर्चच्या आवारात! बिशप येणार आहेत. 'ऑनर गिलरेन, १८३८ ते १९४७, वय वर्षं एकशेआठ, लीट्रिममधली सर्वांत दीर्घायुषी स्त्री.' चार वर्षं मागे लागले होते मी त्यासाठी. का? अहो, पलीकडच्या क्लूनामोरमध्ये विनी डॉलनचा दगड आहे — एकशेपाच! बस थांबते तिथे! लोक उतरून फोटो काढतात, आणि मग तिथल्याच हॉटेलात सूप पितात. आमच्या गावात बस थांबते ती फक्त कुणाला उलटी होत असेल तर. एकशेआठ म्हणजे तीन वर्षांनी वर. टॉवेल छापून आलेत — बघा, मागे खोके. तीनशे टॉवेल. प्रत्येकावर एकशेआठ.

तर रविवारी तुम्ही या. घरचा माणूस म्हणून पुढच्या बाकावर बसा. बरणीतली माती दगडाच्या पायाशी घाला हवी तर, मी फादर मॅलाकीला सांगते. दोन शब्द बोलायचेत? बोला की. लिहून आणलंत? वा. वाचा बघू, मी ऐकते.

...

...थांबा. परत वाचा ते. शेवटचं.

'कठोर मनाच्या ऑनरनं आपल्या अविवाहित मुलीला पोरांपासून तोडलं, घराबाहेर काढलं, आणि समाजाच्या भीतीनं तिचं नावसुद्धा कागदावर राहू दिलं नाही.' — हे बिशपांसमोर वाचणार? ऑनीच्या दगडापाशी? कोण म्हणतं हाकललं तिनं? तुम्हाला कुणी सांगितलं? सहा वर्षं संगणकासमोर बसून हेच हुडकलंत? अहो, त्या बाईनं कुणाला हाकललं नाही! हाकलायला होतं कोण? केट नव्हतीच! कुणी केट-बिट जन्मालाच आली नव्हती! छपरावर कोण होतं सांगू? ऑनी होती! ऑनी स्वतः!

...झालं. गेलं माझ्या तोंडातून. ही माझी जीभ तिच्याकडूनच आलीये.

बसा. बसा हो, हातातला कागद खाली ठेवा. बसा, नाही तर — बैस रे बाबा. बैस. तुझ्याशी आता अहो-जाहो कसलं करायचं, तू आपलाच आहेस. त्या फॉर्मवरची डीलिया, वय तेरा — ती माझी आजी. तुझ्या थेडीची सख्खी बहीण. म्हणजे ऑनी तुझीही पणजी आणि माझीही. दारात शिरलास तेव्हाच म्हटलं, हे कान गिलरेनांचे. कोवाल्स्कीला असले कान कुठून येणार!

तर ऐक. पॅट गिलरेन गेला १९०६ साली. ऑनी तेव्हा अठ्ठेचाळीसच्या आत-बाहेर, दोन पोरं, एक गाय, आणि जमीन एवढी दगडांची की बटाटाही तिथे नाइलाजानं उगवायचा. तीन वर्षं काढली तिनं तशीच. मग पेन्शन आली आणि तिनं वय वीस वर्षांनी वाढवलं. कोरलेस्किनची ती बेचाळीस वर्षांची ऑनर, जिला तू 'वय जुळत नाही' म्हणून सोडून दिलीस — तीच ती! घराचं छप्पर कोसळलं होतं म्हणून त्या वर्षी पॅटच्या भावाच्या रिकाम्या घरात राहत होते सगळे. तो कागद आहे माझ्याकडे, काढते. तर पेन्शनचा साहेब येणार होता शुक्रवारी, आणि आला गुरुवारी, सायकलवरून. ऑनी छपरावर, हातात गवताची पेंढी. साहेब खालून ओरडला, म्हातारी ऑनर गिलरेन इथेच राहते का? ऑनी वरून म्हणाली, 'आत झोपलीये आई, जरा दमानं घ्या, बहिरी आहे ती, आणि सायकल काढा तिथून, कोंबड्या भितात.' मागच्या बाजूनं उतरली, खिडकीतून आत शिरली, केसांना चुलीतली राख फासली, सासूची मेलेली शाल पांघरली — शाल नाही मेली, सासू मेली होती — आणि कमरेत अशी वाकून, काठी टेकत, दारात आली. साहेबानं अर्धा तास बोकडाची गोष्ट ऐकली. निघताना म्हणाला, मुलगी मात्र गुणाची आहे हो तुमची. ऑनी म्हणाली, 'काय? मोठ्यानं बोला.'

हस. हस की. डीलियाआजी सांगायची तेव्हा आम्ही जमिनीवर लोळायचो. नको हसूस? — का? ...हो. तुझी केट. सहा वर्षं तू जिला शोधत होतास ती वीस मिनिटंच होती जगात, आणि तीही छपरावर.

पण पुढचं ऐक. पेन्शन मिळाली, पण घरात दोन पोरं. सत्तरीच्या बाईला आठ वर्षांचा मुलगा कसा? तक्रार झाली तर पेन्शन जाणार, वर तुरुंग. म्हणून तिनं पोरांना बसवलं समोर आणि सांगितलं — आजपासून मी तुमची आजी. कुणी विचारलं तर आई वारली. साहेब कधीही येतो, म्हणून रोज म्हणायचं, सगळ्यांसमोर म्हणायचं, झोपेत सुद्धा चुकायचं नाही. आणि पोरं म्हणाली बरं, आजी. दोन वर्षांनी पोलीस फॉर्म घेऊन आला तेव्हा त्यानंही तेच लिहिलं. नात. नातू. माझी आजी सांगायची की फक्त गोठ्यात आई म्हणायची मुभा होती. गाय काही पेन्शनच्या साहेबाला सांगणार नव्हती. थेडी दिवसातून दहा वेळा गोठ्यात जायचा. गायीला वाटायचं आपल्यावर जीव आहे याचा.

हा घे. १९०१. वाच. पॅट गिलरेन, कुटुंबप्रमुख. ऑनर, पत्नी, बेचाळीस. डीलिया, मुलगी, तीन. आणि खाली? मोठ्यानं वाच ना. — 'थेडी, मुलगा, आठ महिने.' मुलगा. बघ, शाई अजून काळीभोर आहे.

त्यानं तिला क्लीव्हलंडहून पत्रं लिहिली, माहितेय? 'प्रिय आजी.' सगळी 'प्रिय आजी.' पोस्टात कुणी फोडलं तर! आणि ती मेल्यावर सुद्धा, एवढा मोठा समुद्र मधे असून सुद्धा, त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. आईला दिलेला शब्द. वेडा होता रे तुझा आजोबा. मला फार वाईट वाटतं त्याचं. आमची डीलिया निदान आम्हाला सांगून तरी मोकळी झाली.

आता माझं ऐक. ऑनी मेली तेव्हा खरी अठ्ठ्याऐंशीची होती. अठ्ठ्याऐंशी! अठ्ठ्याऐंशीचे म्हातारे इथं दर कुंपणाला टेकून उभे असतात, त्यांचा कुणी टॉवेल छापतं का? मला ठाऊक होतं. चार वर्षं दगडामागे लागले होते तेव्हाही ठाऊक होतं. फादर मॅलाकीला ठाऊक नाही, बिशपांना नाही, कुणालाच नाही, कारण तुझ्यासारखेच सगळे — बेचाळीस दिसलं की म्हणतात ही वेगळी. आणि मी म्हणते, हो हो, वेगळीच. मी खोटी आहे असं म्हणशील. म्हण. पण तिची ती वीस वर्षं कुणी फुकट दिली नव्हती तिला. पन्नासाव्या वर्षापासून वाकून चालली ती, कोण कधी बघेल म्हणून. शेवटी खरंच वाकली. दगड तरी नको का एवढ्याबद्दल?

तेव्हा रविवारी एवढंच कर. तुझा तो कागद फाडून टाक. उभा राहा आणि म्हण, ऑनर गिलरेन, माझ्या आजोबांची आजी, त्यांना तिनं वाढवलं, आभारी आहे. खाली बस. सूप पी. म्हणशील ना?

...

का नाही?

...

'आई'च म्हणायचंय? अरे, पण एका शब्दानं काय बिघडतं? पुढे म्हण ना तू. पुढच्या वर्षी म्हण, क्लीव्हलंडला जाऊन म्हण, मनात म्हण! — बिशपांना गणित येतं रे बाबा! थेडी १९०० सालचा, आई १८३८ची, बासष्टाव्या वर्षी बाळंतपण — पहिल्या बाकावरचं शेंबडं पोरसुद्धा बोटं मोजेल! दगड जाईल. बस जाईल. तीनशे टॉवेल, त्यांनी मी भांडी पुसत बसू मरेपर्यंत? क्लूनामोरवाले नाचतील. अर्थात विनी डॉलनचा १९०१चा कागदही माझ्याकडे आहे म्हणा — तिचं एकशेपाच कसलं, तीही ब्याऐंशीचीच... पण ते राहू दे.

रडू नकोस. हा घे, टॉवेल घे. पूस.

कसं म्हणणार आहेस तू? म्हण बघू एकदा. इथे कुणी नाहीये.

...

नाही, असं नाही. असं पुटपुटून चालणार नाही. पेन्शन आल्यापासून त्या शब्दाला त्या घरात कुणी कधी आवाज दिला नाही. म्हणायचाच असेल तर शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला पाहिजे, बिशपांच्या टोपीला बसला पाहिजे. 'माझ्या आजोबांची आई.' छाती भरून म्हण. मी असेन तिथे, आणि जो कोणी हसेल त्याचे गिलरेनांचे किंवा कुणाचेही कान मी उपटीन.

चल, ऊठ आता. पाच वाजून गेले. मला दगडवाल्याला फोन करायचाय.